चामुण्णी वैद्यरांचे खोकल्यावरचे व्याख्यान

नोव्हेंबरच्या मध्यावर वृश्चिक महिना लागला की पालक्काडच्या खिंडीतून पूर्वेचा वारा सुटतो, ताडांची पाने दिवसभर खडखडत राहतात आणि पुळिक्कडव गाव खोकू लागते. हे दरवर्षीचेच. शाळेत मुले खोकतात, देवळात नैवेद्य दाखवणारा खोकतो, शबरीमलेचे व्रत घेतलेले काळ्या मुंडूतले, म्हणजे लुंगीतले, लोक नामघोष करता करता मध्येच थांबून खोकतात. चामुण्णी वैद्यरांच्या पडवीत या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. यंदाही नव्हती. फरक इतकाच, की यंदा वैद्यरही खोकू लागले.

वैद्याला ताप आला तर लोक हळहळतात. त्याचा पाय मुरगळला तर उचलून घरी पोचवतात. पण ज्याच्याकडे नदीच्या दोन्ही तीरांवरून माणसे खोकल्याचे औषध न्यायला येतात तोच खोकू लागला, तर लोक हसतही नाहीत, हसू दाबतात. चामुण्णी वैद्यर मुळातच भिडस्त. दाबलेले हसू त्यांना उघड्या शिवीपेक्षा जास्त लागे.

त्यात येत्या रविवारी व्याख्यान होते. गावच्या वाचनालयाचा वार्षिकोत्सव, आणि प्रमुख वक्ते चामुण्णी वैद्यर. विषय: खोकल्यावर कोणते पेय घ्यावे.

इतकी वर्षे हा मान नदीपलीकडच्या वेलायुधन वैद्यरांचा होता. वेलायुधन वैद्यरांचा आवाज असा, की मध्येच वीज गेली तरी मागच्या बाकावरच्याला कळत नसे. चामुण्णी वैद्यर बोलत ते समोरच्या माणसाच्या गुडघ्याकडे बघून. विद्या दोघांकडे सारखीच असेल, किंवा चामुण्णींकडे थोडी जास्तच, पण त्यांचे वडील, तेही वैद्यच, मरण्यापूर्वी म्हणाले होते, "तुला सगळं येतं रे, पण तू सांगितल्यावर माणूस आणखी कुणाला तरी विचारायला जातो." ते वाक्य वैद्यरांच्या मनात घशात अडकलेल्या काट्यासारखे होते. एकदा, फक्त एकदा, आख्ख्या गावासमोर बोलावे आणि लोकांनी ऐकून गप घरी जावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती कुणाला सांगायचेही धैर्य त्यांना झाले नव्हते.

म्हणून वाचनालयाचे सेक्रेटरी दिवाकरन माष, म्हणजे मास्तर, जेव्हा बोलवायला आले, तेव्हा वैद्यरांनी आधी सवयीप्रमाणे नाही म्हटले.

"वेलायुधन वैद्यरांना विचारा, माष. ते छान बोलतात."

"तीच तर अडचण झाली." शाळा सोडून वर्षे झाली तरी माष खडू धरल्यासारखी बोटे धरून बोलत. "गेल्या वर्षी त्यांनी अध्यक्ष कुट्टप्पनचं नाव आधी घेतलं आणि माझं नंतर. आता अर्धी कमिटी म्हणते ते कुट्टप्पनच्या गटाचे. उरलेली अर्धी म्हणते तसं असेल तर यंदा नकोत. तुमचं तसं नाही, वैद्यर. तुम्ही कुणाच्या बाजूचे, हे गावात कुणालाच माहीत नाही."

"मलाही माहीत नाही."

"तेच तर मोठेपण."

तर असा तो मान मिळाला, आणि मान मिळाल्यावर खोकला.

दुसऱ्याच्या खोकल्याच्या बाबतीत चामुण्णी वैद्यरांना कधी विचार करावा लागला नव्हता. माणूस पायरी चढता चढता खोकला, की त्याने बसून वहाणा काढेपर्यंत आत अडुळसा की सुंठ हे ठरलेले असे. पण स्वतःचा खोकला समोरून ऐकू येत नाही. तो आतून येतो, आणि आत वैद्यरांची सगळी विद्या दाटीवाटीने बसलेली होती. प्रत्येक ओळ हात वर करून म्हणे, आधी माझे ऐका.

"काय करून देऊ?" पारुक्कुट्टीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, पहिल्याच सकाळी विचारले.

"थांब जरा. कोणता आहे ते बघू दे."

"खोकला आहे. त्यात कोणता म्हणजे?"

"कोरडा वाटतो. बरगडीत ओढतंय. म्हणजे वात. वाताला ज्येष्ठमध घालून कोमट दूध, वर थोडं तूप."

ती दूध घेऊन आली तोवर वैद्यर आणखी दोनदा खोकले होते आणि त्यांचे मत बदलले होते.

"घशात जळजळतंय. पित्त दिसतंय हे. अडुळशाचा रस दे, खडीसाखर घालून."

"आणि हे दूध?"

"राहू दे. दुधाने कफ वाढेल. आणि मुळात कफच असला तर?"

"मांजरीला देते. तिला कोणता आहे ते मात्र मी विचारणार नाही."

अडुळसा वाटून झाला तेव्हा छातीत काहीतरी खुळखुळले. मग सुंठ, मिरी, पिंपळी. पारुक्कुट्टीने त्या उकळत्या काढ्यात मध घातला, तेव्हा वैद्यर उठून उभे राहिले, कारण मध तापवला की विष होतो, आणि त्यांनी तो काढा परसातल्या केळीच्या बुडाशी ओतला.

"गेली कित्येक वर्षं तुम्ही माझे काढे हिलाच पाजता," ती म्हणाली. "गावात इतक्या गोड केळ्यांची दुसरी केळ नाही. खोकतही नाही बिचारी."

पेय ठरत नव्हते हे एक, आणि ते लपूनही घ्यावे लागत होते हे दुसरे. पडवीतल्या लोकांसमोर खोकला आला, की वैद्यर 'हं' असे लांबवून म्हणत, जणू रोग्याच्या नाडीत काही गंभीर सापडले आहे. त्याने रोगी घाबरे. फारच अनावर झाले, की ते गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला खोकत. चहावाल्या हम्सक्कांचे दुकान गोठ्याला लागूनच होते. त्यांनी एका सकाळी कुंपणावरून पारुक्कुट्टीला विचारलेच.

"पारुचेची, तुमच्याकडे पहाटेपासून कोण खोकतंय?"

"म्हैस."

हम्सक्कांनी जरा विचार केला. "मग तिला काय देता?"

"तेच ठरेना," पारुक्कुट्टी म्हणाली.

वैद्य स्वतःचे औषध स्वतः करत नाही, दुसऱ्या वैद्याकडे जातो, हा वैद्यांमधला जुना रिवाज. पण गावाच्या टप्प्यात दुसरा वैद्य एकच होता, आणि त्याच्या हातचा मान आपल्या हाती आलेला. वैद्यर एकदा होडीपर्यंत गेले. होडीवाल्याने विचारले, पलीकडे कुणाकडे? वैद्यर म्हणाले, सहज नदी बघायला आलो होतो. होडीवाल्यानेही मग थोडा वेळ नदीकडे पाहिले, त्यात काही नवीन आहे का म्हणून.

शनिवारपर्यंत वैद्यरांच्या पोटात सगळ्या मतांची सगळी पेये जाऊन बसली होती आणि खोकला जागच्या जागी होता. रविवारी दुपारी पारुक्कुट्टीने त्यांना न विचारता एक थर्मास भरला.

"काय आहे यात?"

"जिऱ्याचं पाणी. मी ठरवलं. तुम्ही ठरवायला बसलात तर सभा संपेल. बोलताना अडलं की एक घोट घ्यायचा, आणि कोणता आहे याचा विचार करायचा नाही."

सभागृह भरलेले होते. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून वेलायुधन वैद्यर बसले होते. बोलावणे त्यांना कुणीच केले नव्हते, पण येऊ नका असेही कुणी सांगितले नव्हते. अर्धे लोक त्यांचे तोंड बघायलाच आले होते. चामुण्णी वैद्यर व्यासपीठावर चढले, थर्मास टेबलावर ठेवला, आणि दिवाकरन माषांनी तो लगेच उचलून टेबलाखाली सरकवला.

"हे काय, माष?"

"वैद्यर, जरा समजून घ्या," माष कानात म्हणाले. "ती बघा व्यवस्था."

टेबलावर वैद्यरांच्या समोर दोन पेले होते. डावीकडे वाफाळती सुंठकॉफी; ती माषांच्या गटाच्या एका बाईने घरून करून आणली होती. उजवीकडे पतंगी लाकूड घालून उकळलेले गुलाबी पाणी. ते भातगिरणीवाल्या कुट्टप्पन अध्यक्षांच्या घरचे. वक्त्याला पेय कुणी द्यायचे यावर कमिटीत एक आख्खी संध्याकाळ गेली होती, मतदान बरोबरीत सुटले होते, आणि म्हणून दोन्ही ठेवायचे ठरले होते.

"पुढच्या महिन्यात आमची निवडणूक आहे," माष म्हणाले. "तुम्ही कुठला पेला उचलता याकडे सगळे बघणार. त्यात तुमचा थर्मास म्हणजे तिसरा गट. तो आम्हा दोघांनाही परवडणार नाही."

"मग मी काय पिऊ?"

"ते सर्वस्वी तुमच्या हातात आहे. आम्ही दबाव आणणार नाही."

सभा सुरू झाली. स्वागत झाले, अध्यक्षीय झाले, दिवा लावून उद्घाटन झाले. मग शुभेच्छांची भाषणे. शुभेच्छा देणाऱ्याने शुभेच्छा देऊन खाली बसावे असा नियम आहे, पण विषय खोकला होता आणि खोकल्यावर काय घ्यावे हे पुळिक्कडवमध्ये कुणाला माहीत नाही असे नाही. सहकारी पतपेढीचे संचालक म्हणाले, वैद्यर सविस्तर सांगतीलच, पण मिरी आणि खडीसाखर याला तोड नाही. महिला मंडळाच्या बाईंनी पानओव्याचे पान चुलीवर शेकून त्याचा रस कसा काढायचा ते पदर खोचून दाखवले. व्यापाऱ्यांतर्फे हम्सक्का म्हणाले, काळा चहा, लिंबू, चिमूटभर मिरपूड, आणि दुकान सकाळी लवकर उघडते. शेवटी निवृत्त हवालदार उठले. त्यांनी पलटणीत मिळणारी रम, त्यात गरम पाणी आणि मिरी, एवढे एकच वाक्य सांगितले आणि दिवसातल्या सर्वांत मोठ्या टाळ्या घेतल्या.

प्रत्येक भाषणाला वैद्यरांच्या घशात एक खवखव वर चढे आणि ते गिळून ती खाली ढकलत. सांगण्यासारखे एकही पेय आता उरले नव्हते. दोन पेल्यांतून दोन वास येत होते. वैद्यरांनी बोटेसुद्धा टेबलाच्या कडेपाशी ठेवली नाहीत, कुणाला ती एखाद्या पेल्याकडे कलल्यासारखी वाटतील म्हणून.

मग त्यांचे नाव पुकारले गेले.

"मान्यवर," ते म्हणाले, "खोकला हा..."

आणि तिथेच तो आला. पहिल्यांदा लहान. वैद्यरांनी 'हं' केले. दुसरा मोठा आला. डोळ्यांत पाणी आले. हात आपोआप पुढे गेला आणि दोन पेल्यांच्या बरोबर मध्ये थांबला. आख्खे सभागृह पुढे झुकले. माषांनी श्वास धरला. कुट्टप्पन खुर्चीच्या टोकाला आले. हात तसाच परत आला आणि बरगडीवर गेला, आणि वैद्यर माईकसमोर वाकून खोकत राहिले. माईक चांगला होता. त्या वर्षी नवीन घेतलेला. देवळापुढच्या भोंग्याला जोडलेला असल्यामुळे तो खोकला नदीपर्यंत गेला.

मागे कुणीतरी काहीतरी पुटपुटून हसू दाबले. ते वैद्यरांना ऐकू आले. एवढ्या आवाजातही तेच नेमके ऐकू आले.

तेवढ्यात पहिल्या रांगेत वेलायुधन वैद्यर उभे राहिले. त्यांना माईकची गरज नव्हतीच.

"नीट बघून घ्या," ते लोकांकडे वळून म्हणाले. "आपले लोक पुस्तकातलं ऐकतात आणि घरी जाऊन विसरतात. चामुण्णी वैद्यर ते करून दाखवताहेत. हा वाताचा. कोरडा. काही पडत नाही, हात बरगडीवर जातो, डोळ्यांत पाणी येतं. बघितलंत हात कुठे गेला? वैद्यर, पेल्याकडे हात नेऊन परत घेतलात तेही छान केलंत. वाताच्या खोकल्यात माणसाला काय घ्यावं ते सुचत नाही. आता कफाचा दाखवा."

सभागृहात टाळ्या पडल्या.

चामुण्णी वैद्यरांनी पहिल्यांदाच समोरच्यांच्या गुडघ्यांवरून नजर वर उचलली. लोक त्यांच्याकडे बघत होते, वह्यांत काहीतरी टिपत होते. त्यांनी कफाचा दाखवला. त्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही. छातीत खुळखुळ होतीच. मग पित्ताचा दाखवला. मग कुणीतरी विचारले, जिना चढल्यावर येतो तो कुठला, आणि वैद्यरांनी तोही दाखवला. लोक एकमेकांकडे वळून खोकून बघू लागले. तुझा कफाचा, नाही रे, हात बघ माझा कुठे जातो. महिला मंडळाच्या बाईंनी शेजारणीचा पित्ताचा ठरवला आणि दोघींत थोडी बाचाबाची झाली, कारण पित्त म्हणजे संतापी स्वभाव असे शेजारणीला वाटले. आभार मानणाऱ्याला आभार खोकत मानावे लागले. पेयाचा विषय निघालाच नाही. दोन्ही पेले भरलेले राहिले, आणि कमिटीतल्या दोन्ही गटांनी घरी जाताना तो आपला विजय मानला.

सभागृहामागच्या पायऱ्यांवर चामुण्णी वैद्यर थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. वेलायुधन वैद्यर येऊन शेजारी उभे राहिले.

"का केलंत असं?" चामुण्णींनी विचारले.

"आता खरं सांगतो, एट्टा." वेलायुधननी त्यांना आजवर कधी एट्टा, म्हणजे दादा, म्हटले नव्हते. "पहिल्यांदा खोकलात तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं. पुढल्या वर्षी परत मीच. मग मागचा तो हसला. तो काय म्हणाला ऐकलंत? चामुण्णी खोकतोय असं नाही म्हणाला. वैद्यच खोकतोय म्हणाला. म्हणजे उद्या माझ्या पडवीतही तेच." एवढे बोलून ते स्वतः खोकले. कफाचा, मिश्र.

"कधीपासून?"

"वारा सुटला तेव्हापासून."

"रात्री झोपताना दूध बंद करा," चामुण्णी वैद्यर लगेच म्हणाले. "सुंठ, पिंपळी, आणि मध वेगळा, गार झाल्यावर."

"आणि तुम्ही," वेलायुधन तितक्याच झटकन म्हणाले, "सगळं बंद करा. मांडीवर आहे तेवढंच प्या."

मग वेलायुधन वैद्यर होडीकडे गेले.

खोकला पुढच्या धनु महिन्यात कधीतरी गेला, आला होता तसाच, न सांगता. पारुक्कुट्टी म्हणाली जिऱ्याने गेला. माष म्हणाले सुंठकॉफीने; ती प्यायली गेली नव्हती, पण वाफ नाकात गेली होतीच. कुट्टप्पन म्हणाले गुलाबी पाण्याच्या नुसत्या दर्शनाने. हवालदार रस्त्यात भेटले की डोळा मारत.

तोवर ओट्टप्पालम शहरातली मंडळी व्याख्यानाचे बोलावणे देऊन गेली होती. मोठे सभागृह, मोठा माईक. "व्याख्यान थोडक्यातच ठेवा," त्यांनी सांगितले. "लोक तुमचा खोकला ऐकायला येणार आहेत. तो मात्र सगळ्या प्रकारांसकट पाहिजे." वैद्यरांना नाही म्हणायची सवय होती, पण या वेळी ती उपयोगी पडली नाही. टाळ्या त्यांच्या कानांत अजून होत्या, आणि वडिलांचे वाक्य त्यानंतर एकदाही आठवले नव्हते.

अडचण एवढीच की आता खोकला नव्हता. वैद्यर गोठ्यात जाऊन प्रयत्न करू लागले. वाताचा करायला गेले की शिंकेसारखे काहीतरी होई. कफाचा करायला गेले की म्हैस वळून बघे.

"कोंबड्या बोलावताय का?" पारुक्कुट्टीने विचारले. "एकही आली नाही."

ज्याने खरा खोकला खोकून दाखवला त्याला खोटा कसा खोकता येणार. ओट्टप्पालममध्ये तर तीन-तीन वैद्य पहिल्या रांगेत असणार. वैद्यरांनी डोके धरून विचार केला, आणि आश्चर्य म्हणजे या वेळी विचाराला वेळच लागला नाही. खोकला घालवायचा असता तर सगळ्या ओळी भांडल्या असत्या. तो आणायचा म्हटल्यावर सगळ्यांचे एकमत होते. वारा अंगावर घ्यावा, आणि गार, गोड, पातळ प्यावे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते उघड्या अंगाने हम्सक्कांच्या दुकानी गेले.

"उपळसरीचं सरबत. बर्फ घालून."

हम्सक्कांनी त्यांच्याकडे पाहिले, मग ताडांकडे पाहिले. ते वाऱ्याने वाकले होते. "बर्फ? या दिवसांत?"

"घाला."

"औषध म्हणून?"

वैद्यरांनी उत्तर दिले नाही. खोटे बोलवेना आणि खरे सांगण्यासारखे नव्हते. पण पुळिक्कडवमध्ये वैद्याने उत्तर दिले नाही म्हणजे औषध भारी आहे असा अर्थ होतो. दुपारपर्यंत हम्सक्कांनी शोरनूरहून बर्फाची लादी मागवली होती. संध्याकाळी वाचनालयात दोन्ही गट, आयुष्यात पहिल्यांदा, एकच पेय पीत होते.

वैद्यरांना हे कळले ते त्यानंतरच्या सकाळी, पडवीत. इतकी गर्दी त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि इतका खोकला त्यांनी कधी ऐकला नव्हता. माषांचा आवाज पूर्ण बसला होता. पुढे नदीकाठची नाणीअम्मा बसली होती, मुळातच दम्याची. तिच्या छातीतून बासरीसारखा आवाज येत होता, आणि हातात सरबताचा पेला होता.

"वैद्यर, काल दुपारपासून घेतेय," ती धापा टाकत म्हणाली. "गुण काही वाटत नाही. बर्फ थोडा वाढवू का?"

वैद्यरांनी तिच्या हातातून पेला काढून घेतला. "अम्मा, हे तुझ्यासाठी नाही. हे... हे फक्त पित्ताच्या खोकल्याला."

"माझा पित्ताचाच आहे," मागून कुणीतरी म्हणाले.

"माझाही. तुम्हीच सभेत दाखवला होतात, अगदी तस्साच."

पडवीतल्या सगळ्यांचे पित्ताचे निघाले. सभेत पित्त म्हटल्यावर भांडलेली ती शेजारीणसुद्धा आता पित्ताची झाली होती. वैद्यर उभे राहिले. सरळ सांगावे, असे त्यांना वाटले. सांगावे की मी खोकला यावा म्हणून पीत होतो. मग लोक विचारतील, का? मग ओट्टप्पालम सांगावे लागेल, मग सभेतला तो खोकला, मग नदीपलीकडचे वेलायुधन, त्यांच्या तोंडचे शब्द. आणि नाणीअम्मा बर्फ मागत होती. ते तोंड उघडून उभे राहिले, आणि तोंडातून भलतेच निघाले.

"पथ्य सांगायचं राहिलं."

पडवीतल्या सगळ्यांनी माना पुढे केल्या.

"हे सरबत घेणाऱ्याने मासा खायचा नाही," वैद्यर म्हणाले. "वास आला तरी उठून जायचं. चहा नाही. विडी नाही. तिखट नाही, लोणचं नाही, पापड नाही. ताडी तर नाहीच." पुढे काय सांगावे हे त्यांना क्षणभर सुचेना. "आणि बोलायचं कमी. वाद तर अजिबात नाही. वाद केला की औषध उलटतं."

"किती दिवस?" माषांनी घोगऱ्या आवाजात विचारले.

"संक्रांत होईपर्यंत."

मग हवालदार उठले, आदराने मान हलवत. "फार कडक औषध आहे. आपल्या प्रकृतीला झेपायचं नाही." मागोमाग एकेक जण उठला. नाणीअम्मासाठी वैद्यरांनी तिथल्या तिथे काढा सांगितला, आत न जाता, क्षणाचाही विचार न करता, आणि पारुक्कुट्टी तो उकळायला घेऊन गेली. हम्सक्कांच्या दुकानात दुपारी बर्फाची लादी एकटीच वितळत होती.

जेवायला वैद्यरांच्या पानात भात, तिखट नसलेली आमटी आणि बेचव भोपळा आला. चुलीवरून तळलेल्या तारल्यांचा वास येत होता.

"मला?" ते म्हणाले.

"तुम्हाला कसं?" पारुक्कुट्टीने मासळीचे ताट आपल्याकडे ओढले. "सरबत तुम्हीच आधी घेतलंत, आख्ख्या गावाने बघितलं. शेजारीण आत्ताच मीठ मागायच्या निमित्ताने तुमचं पान बघून गेली. तुम्ही पथ्य मोडलंत तर संध्याकाळपर्यंत सगळे परत बर्फ चघळतील."

"संक्रांतीपर्यंत?"

"तुम्हीच सांगितलंत. बोलायचंही कमी म्हणालात. ते मात्र मी मोडणार आहे."

वैद्यरांनी भोपळ्याचा घास घेतला. ओट्टप्पालमची सभा परवावर आली होती. सरबत आता पिता येणार नव्हते, वाऱ्यात उघडे बसले तर शेजारणी शाल घेऊन धावत येत. त्यांनी सहज, आशेने, एकदा खाकरून बघितले. घसा इतका साफ होता की त्यावर काही औषधच नव्हते.